क्रँकचं बेरिंग पुन्हा पुन्हा जातंय? आधी पाणी कुठं मुरतंय ते शोधा

उसाचा हंगाम ऐन भरात असताना तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. इंजिनाचं तेच बेरिंग तिसऱ्यांदा गेलं होतं. इंजिन बंद करायच्या आधीच मी आवाज ओळखला. थ्रॉटल थोडा वाढवून सोडला की खालून जड, दबका ठोका येत होता. इंजिन तापलं की आयडलला ऑइल प्रेशरचा काटा लाल पट्टीत बसत होता. "मेस्त्री, परत तेच वाजतंय बगा," एवढंच म्हणाले. ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

चार सिलिंडरचं इंजिन आणि तीन नंबरच्या रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेरिंग. पहिल्यांदा गेलं तेव्हा ड्रेन प्लगमधून ऑइल गळून चेंबर जवळजवळ रिकामं झालं होतं. कारण स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या एका ठिकाणी क्रँक दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून नवीन बेरिंग टाकलं गेलं, ते जेमतेम एक हंगाम चाललं. दुसऱ्या वेळी काम माझ्याकडं आलं. क्रँक वीसवर गेली, चांगल्या कंपनीचं बेरिंग आणलं आणि इंजिन मी स्वतः बांधलं. ते चार महिन्यांत गेलं. दुसऱ्या वेळी मी जे तपासायला हवं होतं ते तपासलं नाही, म्हणून हे लिहितोय. एकच बेरिंग वारंवार जाणारं इंजिन तुमच्याकडं आलं असेल, तर पुढच्या साइजचा डबा आणायच्या आधी हे वाचा.

एकच जातंय की सगळी?

पहिला प्रश्न हा. सगळी रॉड बेरिंग आणि मेन बेरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी) सारखीच झिजली असतील, तर दुखणं ऑइलमध्ये आहे: कचरा, पातळ झालेलं ऑइल, ऑइल पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा सक्शन पाइपमधून ओढली जाणारी हवा. पण दर वेळी एकच नंबर जात असेल आणि बाकीची शाबूत असतील, तर दुखणं त्या एका जागी आहे. तो रॉड, ते जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) किंवा त्या जर्नलला ऑइल नेणारं क्रँकमधलं भोक. तिथं कितीही महागाचं बेरिंग घातलं तरी रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशीच गत होते.

कोणतं वाजतंय हे इंजिन उघडण्याआधी कळू शकतं. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या इंजिनावर आयडलला एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित ढिला करायचा. ज्या सिलिंडरचा दाब गेल्यावर ठोका दबतो, बेरिंग त्या रॉडचं. हात आणि डोळे लांब ठेवा, पाइपमधून उडणारी डिझेलची धार कातडीत घुसते. कॉमन रेल इंजिनावर मात्र हे अजिबात करू नका. तिथला दाब कितीतरी पटींनी जास्त असतो.

जुनं बेरिंग फेकू नका

आपल्याकडं एक वाईट सवय आहे. चेंबर खोललं, कॅप काढली की निघालेले शेल (बेरिंगचे अर्धगोल तुकडे) सगळे एका ट्रेमध्ये डिझेलमध्ये पडतात. मग वरचा कुठला, खालचा कुठला, दोनचा कुठला, तीनचा कुठला, काही उरत नाही. गेलेलं बेरिंग म्हणजे इंजिनाचा जबाब आहे. तो नीट लिहून घ्यावा लागतो.

या वेळी मी वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि चार रॉडचे आठ अर्धे शेल आणि पाच मेनचे दहा, इंजिनात बसतात त्याच क्रमानं मांडले. प्रत्येकाच्या पाठीवर मार्करनं नंबर, वर की खाली, आणि पंख्याकडची बाजू. फडक्यानं हलक्या हातानं पुसून दिव्याखाली बघितले.

काय दिसतं त्यावरून काय समजायचं, ते सांगतो. पृष्ठभागावर गोल गोल ओरखडे आणि मध्येमध्ये रुतलेले चमकते कण दिसले तर कचरा. ओढल्यासारखा, चिखल पसरल्यासारखा धातू दिसला तर ऑइल पोचलं नाही किंवा क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि शेलमधली फट, कमी पडला. खडबडीत, काळपट, वाळवीनं खाल्ल्यासारखे बारीक खड्डे असतील तर गंज: ऑइल जुनं होऊन आंबट झालं किंवा त्यात पाणी गेलं. एका शेलच्या डाव्या कडेला आणि जोडीच्या दुसऱ्या शेलच्या उजव्या कडेला झीज असेल तर रॉड वाकडा आहे. पाच मेनपैकी मधलं जास्त खाल्लं असेल आणि कडेची कमी, तर क्रँक वाकलेली आहे किंवा ब्लॉकमधली मेनची ओळ सरळ राहिलेली नाही. दोन्ही कडांना अगदी काठावर चकचकीत पट्टी असेल तर क्रँक घासताना कोपऱ्याची गोलाई जास्त ठेवली गेली आहे आणि शेल त्या गोलाईवर चढतोय.

आणि शेल उलटा करून पाठ बघा. हे फार कमी लोक करतात. पाठ सगळीकडं सारखी, करडी असायला हवी. तात्यांच्या तीन नंबरच्या शेलच्या पाठीवर काळे, घासून चकचकीत झालेले डाग होते. म्हणजे शेल रॉडच्या घरात घट्ट बसलेला नव्हता, सूक्ष्म हालत होता. आतल्या बाजूला झीज वरच्या शेलच्या मध्यावर नव्हती, जिथं स्फोटाचा मार बसतो. झीज होती दोन्ही शेलच्या टोकांशी, जिथं अर्धी एकमेकांना भेटतात. बाकी तीन रॉडचे शेल बघितले तर इतके चांगले, की पुन्हा घालावेत. दुसऱ्या वेळीसुद्धा हे असंच दिसत असणार. मी पाहिलं नव्हतं.

रॉडचं घर मोजा, बेरिंग न घालता

बेरिंग निवडायचं काम इथून सुरू होतं, दुकानातून नाही. रॉडमधून शेल काढा, बसायची जागा स्वच्छ पुसा, कॅप नंबर जुळवून लावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला बोल्ट आवळा. मग आत बोअर गेज घालून तीन दिशांनी मोजा: रॉडच्या लांबीच्या दिशेनं, आणि जोडापासून थोडं वर दोन्ही तिरक्या दिशांनी. कॅप न आवळता घेतलेलं माप कामाचं नाही.

तीन नंबरचा रॉड उभ्या दिशेनं मापापेक्षा ०.०७ मिमी मोठा निघाला आणि जोडाजवळ ०.०३ मिमी लहान. बाकी तिन्ही रॉड शतांश-दीड शतांशाच्या आत गोल होते. पहिल्यांदा ऑइल संपून बेरिंग जळालं तेव्हा तो रॉड तापून लांबट झाला, आणि तसाच दोनदा परत बांधला गेला. घर अंडाकृती झालं की त्यात बसवलेलं बेरिंगही अंडाकृतीच होतं. वरखाली मोकळं आणि बाजूनं चिमटलेलं. बाजूच्या चिमट्यानं ऑइलचा थर पुसला जातो आणि उभ्या मोकळीकीमुळं ठोका पडतो. दुसऱ्या वेळी मी प्लास्टिगेज (आवळल्यावर किती चेपली त्यावरून फट सांगणारी मऊ पट्टी) लावून उभा क्लिअरन्स बघितला होता. थोडा जास्त आला, पण मॅन्युअलच्या मर्यादेत होता. बाजूचं माप त्यातून कळतच नाही.

शेल घरात घट्ट बसतो तो कशानं, हे इथंच समजून घेऊया, कारण याबद्दल गैरसमज फार. शेलला जो छोटा कान असतो, तो फक्त जागा दाखवायला असतो. फिरण्यापासून तो अडवत नाही. अडवतो तो क्रश. प्रत्येक अर्धा शेल घराच्या अर्ध्यापेक्षा किंचित उंच बनवलेला असतो. टोकं कॅपच्या काठाच्या शतांश मिलिमीटरात मोजावी एवढी वर राहतात. कॅप आवळली की दोन्ही अर्धी एकमेकांवर दाबली जाऊन घराला चिकटतात. त्या दाबामुळं शेल हलत नाही आणि त्याची उष्णता रॉडमध्ये जाते. म्हणून कॅपचा जोड कानशीनं घासून बेरिंग "टाइट" करणं, शेलची टोकं घासणं, किंवा शेलच्या मागं सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी घालणं, या तिन्ही गोष्टी कृपा करून बंद करा. पन्नी घातलेलं इंजिन ऑइल प्रेशर दाखवतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि तो शेल पाठीमागून जळत राहतो.

दुसरी जुनी सवय म्हणजे बेरिंग स्क्रॅप करणं. निळी शाई लावून, क्रँक फिरवून, डाग पडतील तिथं स्क्रॅपरनं धातू काढायचा. ज्यांच्याकडं मी काम शिकलो, त्यांच्या हाताला हे सुरेख जमायचं. पण तेव्हा बेरिंग ओतीव पांढऱ्या धातूचं असायचं, जाड थराचं. आजच्या शेलवरचा सगळ्यात वरचा थर असतो साधारण ०.०२ मिमी. स्क्रॅपर किंवा पॉलिश पेपर एकदा फिरला की तो गेला. नवीन शेलच्या आतल्या बाजूला बोटानं ऑइल लावायचं, बाकी काही नाही.

आता साइज: डबा नव्हे, गणित

डब्यावर ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० लिहिलेलं असतं. ते क्रँक किती बारीक झाली त्याचं माप आहे. शेल त्याच्या निम्म्यानं जाड असतो, कारण दोन बाजूंना दोन शेल येतात. ०.५० च्या बेरिंगचा प्रत्येक शेल स्टँडर्डपेक्षा ०.२५ नं जाड.

गडबड होते ती इंच आणि मिलिमीटरच्या मिसळीनं. ग्राइंडिंगवाला थाऊत बोलतो: दहा, वीस, तीस, चाळीस. दहा थाऊ म्हणजे ०.२५४ मिमी. दहावर फरक ०.००४ चा, चालून जातो. पण चाळीस थाऊ म्हणजे १.०१६ मिमी. डबा १.०० चा असेल तर क्लिअरन्स फुकटात ०.०१६ नं वाढला. म्हणून ग्राइंडिंगला "चाळीस मार" असं सांगू नका. बेरिंग आधी आणा, शेलची जाडी मोजा, आणि जर्नलचं अंतिम माप मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून द्या.

हिशेब सोपा आहे. रॉडचं घर टॉर्कसह मोजलं ६७.०० मिमी. शेलची जाडी मध्यावर २.२२५. दोन शेलचे झाले ४.४५. उरले ६२.५५. मला ०.०७ मिमी क्लिअरन्स हवा असेल तर जर्नल ६२.४८ हवं. बस. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या इंजिनाचे मॅन्युअलमधून घ्या. मॅन्युअल हाताशी नसेल तर अंदाजाला एक जुना ठोकताळा आहे: व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा क्लिअरन्स. ६० मिमीच्या जर्नलला ०.०६ च्या आसपास. पण तो अंदाजच. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

शेल मोजताना साध्या मायक्रोमीटरची सपाट टोकं आतल्या गोलाईत बसत नाहीत आणि माप जास्त येतं. एका टोकाला गोल बॉल असलेला मायक्रोमीटर लागतो, किंवा बेरिंगमधली छोटी गोळी ठेवून मोजायचं आणि गोळीचं माप वजा करायचं. मोजायचं मध्यावर. शेल टोकांकडं मुद्दाम काही मायक्रॉन पातळ केलेला असतो, तिथं मोजलं तर फसाल. एका सेटमधल्या शेलमध्ये शतांश मिमीच्या वर फरक दिसला तर सेट परत करा. नकली मालाची पहिली खूण माझ्या अनुभवात हीच. डब्याची छपाई हुबेहूब असते, जाडी नसते.

मोजताना तापमानाकडंही लक्ष द्या. ७० मिमीचं पोलाद २० अंशांनी तापलं की साधारण ०.०१६ मिमी वाढतं. म्हणजे एप्रिलमध्ये उन्हात ठेवलेली किंवा ग्राइंडिंगवरून नुकतीच उतरवलेली क्रँक मोजली, तर तुमच्या क्लिअरन्सचा पाव हिस्सा चुकला. क्रँक, ब्लॉक, मायक्रोमीटर, सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा. प्लास्टिगेज वापरत असाल तर हिरवी पट्टी ०.०२५ ते ०.०७६ मिमीसाठी आणि लाल ०.०५१ ते ०.१५२ साठी असते. पट्टी ठेवून टॉर्क केल्यावर क्रँक एक केसभरही फिरू द्यायची नाही.

क्लिअरन्स थोडा जास्त राहिला तर काय बिघडतं, असं बरेच जण विचारतात. दाबानं बेरिंगच्या फटीतून बाहेर पडणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. एका बेरिंगची फट अशी वाढली की पंपाचं सगळं ऑइल तिकडं पळतं आणि गॅलरीच्या (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेच्या) शेवटची बेरिंग उपाशी राहतात. फट कमी पडली तर थर बनायलाच जागा राहत नाही.

हा थर म्हणजे काय, याची एक गोष्ट मला फार आवडते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल सोडायला त्यानं बेरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर फिरत्या आसावरून ऑइल उलट त्या भोकातून वर यायला लागलं. त्यानं लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. गेज लावल्यावर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढं गेला. फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑइलची पाचर ओढून घेतो आणि त्या पाचरीवर तरंगतो, हे तिथून कळलं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. पंपाचं प्रेशर फक्त ऑइल दारापर्यंत पोचवतं, वजन उचलते ती पाचर. आणि पाचर टिकते गतीवर, ऑइलच्या जाडपणावर आणि बरोबर फटीवर.

म्हणूनच आपल्या भागात रॉड बेरिंगचा मोठा शत्रू म्हणजे दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवणं. गती कमी, भार पूर्ण, पाचर पातळ. ड्रायव्हरला डिझेल वाचल्यासारखं वाटतं आणि रॉडचा वरचा शेल मार खातो. तात्यांच्या मुलाला मी हे शेजारी बसवून सांगितलं. खालचा गिअर घे, इंजिन फिरू दे.

कोणत्या धातूचं बेरिंग

मापाला बसलं म्हणून चालेल असं नाही. एकाच घराण्यातली टर्बो आणि बिनटर्बोची इंजिनं असतात, शेलचं माप अनेकदा तेच असतं, पण धातू वेगळा. पार्ट नंबर इंजिनाच्या नंबरवरून काढा, नुसता जुना शेल दुकानदाराच्या हातात ठेवून नाही.

डिझेलमध्ये जास्त दिसतं ते ट्रायमेटल. पोलादाची पाठ, त्यावर तांबं आणि शिसं यांचा थर, मध्ये निकेलचा अगदी पातळ पडदा आणि वर शिसं-कथील-तांब्याचा तो ०.०२ चा मऊ लेप. मऊ लेपाचा फायदा असा, की बारीक कण त्यात रुतून बसतो आणि क्रँक वाचते. दुसरा प्रकार ॲल्युमिनिअम आणि कथिलाचा, त्याला बायमेटल म्हणतात. गंजाला तो चांगला तोंड देतो. त्यात सिलिकॉन घातलेला प्रकार ओतीव क्रँकला मानवतो. तिसरा, जास्त दाबाच्या टर्बो आणि कॉमन रेल इंजिनांत येणारा स्पटर. निर्वात पेटीत ॲल्युमिनिअम-कथिलाचा कडक थर चढवलेला असतो. भार खूप झेलतो, पण कचरा गिळत नाही. तो सहसा भार येणाऱ्या अर्ध्यालाच असतो: रॉडला वरच्या, मेनला खालच्या. खालवर उलटसुलट झालं तर पैसे पाण्यात.

माझं मत विचाराल तर धुळीत चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला "भारीतलं" म्हणून कडक बेरिंग घालू नका. कारखान्यानं जे दिलं तेच घाला. तात्यांच्या इंजिनाला ट्रायमेटल होतं, ट्रायमेटलच घातलं.

क्रँककडंही बघा. ग्राइंडिंगच्या आधी भेगेची तपासणी करून घ्या, विशेषतः एकदा निळी पडलेली असेल तर. नायट्राइड केलेल्या क्रँकचा कडक थर मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो, घासला की गेला, मग पुन्हा नायट्राइड केल्याशिवाय ती क्रँक टिकत नाही. कोपऱ्याची गोलाई मूळ होती तेवढीच ठेवायला सांगा. कमी ठेवली तर क्रँक तिथूनच तुटते. सगळे रॉड जर्नल एकाच साइजला आणा. एकच घासून बाकी तसेच ठेवले तर पुढच्या मेस्त्रीची फसगत ठरलेली.

बांधताना

ग्राइंडिंगवरून आलेली क्रँक स्वच्छ दिसते, पण आतल्या भोकांत दगडाची भुकटी आणि जुन्या बेरिंगचा चुरा बसलेला असतो. क्रँकचे प्लग काढा, ब्रश घाला, डिझेलनं धुवा, हवा मारा, पांढऱ्या फडक्यावर काही येत नाही तोवर. तात्यांच्या तीन नंबरच्या भोकातून काळ्या मळीबरोबर तांबूस चुरा निघाला. पहिल्या दोन बेरिंगांचा तो अवशेष होता. ऑइल कूलर असेल तर त्यातही हेच बसलेलं असतं आणि तो पूर्ण धुतला जात नाही. बेरिंग जळालेल्या इंजिनावर मी तो बदलायलाच सांगतो.

मेनचा भोक आणि खाच असलेला शेल ब्लॉकच्या बाजूला, भोक भोकासमोर. इथं चूक झाली तर इंजिन पहिल्या पाच मिनिटांत बसतं. थ्रस्ट वॉशरच्या (क्रँकची पुढंमागं हालचाल रोखणाऱ्या चकतीच्या) खाचा क्रँकच्या बाजूला, ब्लॉककडं नाहीत. रॉडचे बोल्ट नवीन. शेलची पाठ आणि घर कोरडं, आतली बाजू ऑइलनं ओली. अनेकजण उलट करतात.

रॉडचं घर पुन्हा मशिनिंग करून गोल करता येतं, पण हा रॉड एकदा तापून निळा पडलेला होता, म्हणून नवीनच घेतला. वजन जुळायला हवं, तेव्हा शेजारच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणला, तिन्ही जुने रॉड तोलले आणि दुकानातल्या रॉडांमधून जवळात जवळचा निवडला. क्रँक ०.७५ वर गेली. चारही रॉड शेलसकट मोजून घातले, तीन नंबरला उभा आणि आडवा दोन्ही क्लिअरन्स वहीत लिहिला.

सुरू करताना फिल्टर ऑइलनं भरला, डिझेल बंद ठेवून स्टार्टरनं थोडं थोडं फिरवलं, मध्ये स्टार्टरला दम खाऊ दिला. प्रेशरचा काटा उठल्यावरच डिझेल सोडलं. एक सूचना तात्यांना आणि सगळ्यांनाच: डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढली आणि वासाला डिझेल आलं, तर त्याच दिवशी इंजिन बंद करा. गळका इंजेक्टर किंवा पंपाचं सील नवं बेरिंगसुद्धा आठवड्यात संपवतं.

५० तासांनी ऑइल बदललं आणि जुना फिल्टर करवतीनं कापला. आतला कागद उलगडून तात्यांसमोर उन्हात धरला. काळं ऑइल, घड्यांमध्ये दोन-तीन राखाडी कण, हाताला खरखरीत. तांबूस एकही नाही. तात्यांनी स्वतः बोट फिरवून बघितलं, बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "आता दुसरी ट्रॉली लावू का?" मी म्हटलं, लावा, पण चढाला खालच्या गिअरमध्ये.